वीस बरोबर शंभर

वीज वाचवायची मोहीम चामोर्शीत आली तेव्हा चामोर्शीत वीज नव्हती. सकाळी तीन तास आणि संध्याकाळी अडीच तास भारनियमन ठरलेलं होतं. न ठरलेलं वेगळं. दोन हजार सालानंतरच्या पाच-सात वर्षांतली ही गोष्ट आहे. तिकडे चंद्रपूरला कोळसा जाळून वीज तयार व्हायची आणि आमच्या धानाच्या बांध्यांवरून तारांतून पुढे कुठेतरी जायची. आम्ही तारा पाहायचो. तारा चांगल्या जाड होत्या.

मी तेव्हा पोस्टात कारकून होतो. रोज सकाळी सातला घरच्या मीटरचा आकडा वहीत लिहायची मला सवय होती. बायको म्हणायची, "देवाले फूल नंतर, मीटरचं दर्शन आधी." नवे पांढरे बल्ब, ज्यांना सीएफएल म्हणतात, बाजारात आले तेव्हा मी पूर्ण किंमत देऊन एक आणला, महिनाभर बैठकीत लावला आणि आकडे काढले. खोक्यावर छापलं होतं त्याच्या आसपास ते निघाले. छापलेलं खरं निघालं याचंच मला इतकं आश्चर्य वाटलं की मी वही घेऊन ज्या दुकानातून बल्ब आणला तिथे दाखवायला गेलो.

त्या दुकानदाराला सगळे भाई म्हणत. तीन पिढ्यांचं दुकान. आजोबा कंदील दुरुस्त करायचे, वडील रेडिओ, हा मोटरी आणि पंखे. त्याने वही पाहिली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाला, "इतना हिसाब तो मैंने बेटी की शादी में नहीं किया, भाऊ."

पुढे जेव्हा सवलतीची योजना आली आणि नागपूरहून साहेब आले, तेव्हा भाईने सरळ माझ्याकडे बोट दाखवलं. योजना अशी: विजेच्या बिलासोबत एक कुपन यायचं. कुपन आणि घरातला एक चालू पिवळा बल्ब दुकानात द्यायचा, की वीस वॅटचा सीएफएल निम्म्या किमतीत मिळायचा. जमा झालेले पिवळे बल्ब दुकानदाराने एका साक्षीदारासमोर फोडायचे, म्हणजे ते मागच्या दाराने पुन्हा बाजारात येणार नाहीत. आणि बाजाराच्या दिवशी लोकांना समजावून सांगायला गावातलाच एक विश्वासू माणूस हवा होता. साहेबांनी मला एक टोपी आणि एक टी-शर्ट दिला. टी-शर्टवर हसणारा बल्ब होता. माप कॉलेजच्या पोरांचं असल्यामुळे तो बल्ब माझ्या पोटावर जरा जास्तच हसायचा.

प्रात्यक्षिकासाठी एक लाकडी फळी होती. तिच्यावर दोन मीटर, दोन होल्डर. एकात शंभरचा पिवळा, दुसऱ्यात वीसचा पांढरा. पिवळ्याच्या मीटरची चकती भराभर फिरते आणि पांढऱ्याची रमतगमत, हे लोकांनी डोळ्यांनी पाहायचं. पण बाजार भरायचा भारनियमनात. मग भाईने मंडपवाल्याचं जनरेटर आणलं. विजेची बचत शिकवायला आम्ही तासाला जवळजवळ लिटरभर डिझेल जाळायचो आणि मी त्या धुरात खोकत सांगायचो, "बंधूंनो, पर्यावरण!"

"भाऊ," मिरच्या विकायला बसलेला एक म्हातारा पहिल्याच दिवशी म्हणाला, "लाईट येतेच कुठी? जे येत नाई ते वाचवाचं कसं?"

"जेव्हा येते तेव्हाचं सांगून राह्यलो, बाबा."

"जेव्हा येते तेव्हा आमी झोपलो असतो."

लोक हसले. पण लोक थांबले, हेही खरं. मी सांगायचो: पिवळा बल्ब शंभर वॅट खातो आणि त्यातला थोडासाच भाग उजेडाला जातो, बाकी सगळा नुसता गरम होण्यात. हा पांढरा गरम होत नाही. हात लावून पाहा. लोक हात लावून पाहायचे. चहाच्या हॉटेलवाल्याने एकदा गर्दीतून विचारलं, "मंग माह्या काचेच्या पेटीतले आलूबोंडे कोन गरम ठेवन जी?" त्याच्या पेटीत साठचा बल्ब टांगलेला असायचा. मी म्हणालो, "आलूबोंडे गरम खायचे असतील तर वेळेवर तळा." मोठा हशा पिकला. मला तो आवडला. नंतरच्या दोन बाजारांत ते उत्तर मी, कोणी विचारलं नसतानाही, दिलं.

जमा होणारा प्रत्येक बल्ब मी होल्डरला लावून बघायचो, कारण लोक जळके आणायचे. एकाने आणलेल्या बल्बवर लाल ऑइलपेंटचे ओरखडे होते. खांबावरचे बल्ब चोरीला जाऊ नयेत म्हणून ग्रामपंचायत त्यांच्यावर आपलं नाव रंगवायची. ते नाव त्याने पत्तीने खरवडलं होतं, पण 'ग्रा' राहिला होता. मी तो परत केला. तो म्हणाला, "भाऊ, तुमी पोस्टात आहा का पोलिसात?" चालू निघालेले बल्ब पोत्यात घालून मी स्वतः मुसळीने फोडायचो आणि संख्या लिहून खाली सही करायचो. दोन महिन्यांत चारशे बारा. भाई एकदा हळूच म्हणाला, "पाँच-दस रहने दो ना, किसी के काम आएँगे." मी त्याला नियम वाचून दाखवला. वर त्याच्या दुकानात उरलेले नवे पिवळे बल्बही वर्ध्याच्या व्यापाऱ्याला परत करायला लावले, कारण एका फळीवर पिवळा आणि पांढरा शेजारी ठेवला तर लोक स्वस्तातलाच उचलतात, असं माझं निरीक्षण होतं.

आमच्या घरापासून तिसऱ्या घरात एक बाई राहायच्या. घरी तीन एकर धान, नवरा शांत, आणि त्या अकरा बायकांच्या बचत गटाच्या अध्यक्ष. गटाने दीड वर्ष पैसे साठवून कोंबडीपालन करायचं ठरवलं होतं. बाईंचा रिकामा गोठा साफ करून त्यात बांबूच्या तट्ट्याचं गोल कुंपण केलं होतं, खाली धानाचा कोंडा अंथरला होता, आणि डिसेंबरात एक दिवसाची दोनशे पिल्लं येणार होती. गटातल्या निम्म्या बायकांच्या घरच्यांचं म्हणणं होतं की हे चाळे आहेत. पिल्लं जगली तर गट टिकणार होता. मेली तर अकरा बायका पुन्हा आपापल्या चुलीशी. हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, मलाही.

पिल्लं यायच्या चार-पाच दिवस आधी बाई मला दुकानात भेटल्या. पदरात गुंडाळून शंभरचे चार नवेकोरे बल्ब आणले होते.

"भाऊ, ट्रेनिंगवाल्यायनं चार शंभरचे लावाले सांगतलं. दिवसरात चालू ठेवाचे, पंधरा दिवस. बिलाचं कसं होईन म्हून जीव घाबरून राह्यला. हे वीसचे चालतीन का?"

मी त्यांना कुठे लावायचे आहेत हे विचारलं नाही. मी खोकं उचललं आणि त्याच्यावरचं छापलेलं दाखवलं: 20W = 100W. मग खिशातला कागद काढून गुणाकार केला. चारशे वॅटच्या जागी ऐंशी. पंधरा दिवस, चोवीस तास. भारनियमन वजा. आकडा मोठा निघाला, मीच खूश झालो.

"म्हन्जे वीस बरोबर शंभरच ना?"

"बरोबर शंभर," मी म्हणालो.

त्यांनी चार कुपनं गटातल्या बायकांकडून आणली होती. मी त्यांचे चारही कोरे बल्ब तपासले, पोत्यात घातले आणि फोडले.

पिल्लं एका गुरुवारी संध्याकाळी जीपने पुठ्ठ्याच्या खोक्यांत आली. दोनशे चार, वरची चार हॅचरीवाल्याने वाटेतल्या तुटीसाठी दिलेली. गल्लीभर चिवचिव. भारनियमन संपल्यावर मीही जाऊन पाहून आलो. चार पांढऱ्या बल्बांखाली गोठा दवाखान्यासारखा लख्ख दिसत होता. मला अभिमान वाटला. मी म्हणालोसुद्धा, "पाहा, उजेड तसूभर कमी नाही." डिसेंबरची थंडी होती, मी मफलर बांधून गेलो होतो आणि मफलर बांधूनच परत आलो.

दुसऱ्या दिवशी पोस्टाची खिडकी उघडली. मनिऑर्डरवाले चार-पाच जण रांगेत होते. बाई रांग सोडून पुढे आल्या आणि त्यांनी खिडकीच्या फळीवर सूप ठेवलं. सुपात पिवळी पिल्लं आडवी होती.

"हे घ्या भाऊ, तुमचं वीस बरोबर शंभर."

मी सूप माझ्याकडे ओढलं.

"एका बाजूले एकावर एक चढली रातभर. खालची चेंगरली. बाकीची थंडीनं लटलट कापून राह्यली. मी सकाळी बल्बले हात लावला. बल्ब थंड!" त्यांचा आवाज चढला नव्हता, हे जास्त वाईट होतं. "तुमी उजेडाचं सांगतलं. त्या पोरायले पुस्तक वाचाचं होतं का?"

रांगेतला एकजण हसला आणि त्यांनी पाहिल्यावर गप्प झाला. मी सुपातली पिल्लं मोजली. तेवीस होती. शंभर वॅटमधला वाया जाणारा भाग, ज्याच्याविरुद्ध मी दोन महिने डिझेल जाळून भाषणं दिली, तोच त्यांना हवा होता. ट्रेनिंगवाल्यांनी बल्ब सांगितला होता तो चूल म्हणून.

पोस्टमास्तरांकडे अर्ध्या दिवसाची रजा मागितली. कारण विचारल्यावर मी खरं ते सांगितलं. ते म्हणाले, "अर्जात 'कौटुंबिक' लिहा. 'कोंबडी' लिहाल तर वर प्रश्न येतील." मी कोंबडीच लिहिलं.

ऊन होतं तोवर काळजी नव्हती. बायकांनी पिल्लं अंगणात उन्हाला सोडली होती, भोवती तट्टा. पण साडेपाचला ऊन जाणार होतं आणि तोपर्यंत मला चारशे वॅट हवे होते. मी भाईकडे गेलो.

"पीला बल्ब?" भाई माझ्याकडे बघतच राहिला. "तुमने ही तो वापस भेजा. और जो आया वो तुमने ही कूटा."

"चारच पाहिजेत."

"चार क्या, आधा भी नहीं है." त्याने खाली वाकून एक धुळकट खोकं काढलं. "ये लाल झिरो हैं, गणपती के. नौ."

झिरोचा बल्ब नावाला झिरो असतो. खातो पंधरा वॅट. हे मी लोकांना प्रत्येक बाजारात सांगत होतो, त्यांची फसवणूक उघड करायला. आता मी नऊ गुणिले पंधरा केले: एकशे पस्तीस. भाईने होल्डरांची माळही दिली आणि पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "आज हिसाब मत करो, जाओ."

उरले दोनशे पासष्ट. कोणाकडे पिवळा बल्ब असेल? ज्यांनी माझं ऐकलं नाही, त्यांच्याकडेच.

पहिला न्हावी. त्याच्या खुर्चीवर शंभरचा बल्ब लोंबत होता आणि दोन महिने मी त्याला तो बदलायला सांगत होतो. मी घरून माझा बैठकीतला सीएफएल काढून नेला आणि बदली मागितली.

"काऊन जी? कालपर्यंत तं हा बल्ब राक्षस होता."

मी कारण सांगितलं. त्याने वस्तरा पुसत ऐकून घेतलं.

"आन हा तुमचा पांढरा चांगला असन तं कोंबडीलेच द्या ना. मले कायले?"

खुर्चीत साबण लावून बसलेल्या गिऱ्हाइकाला हसू आवरेना. शेवटी मी न्हाव्याला पांढऱ्या उजेडात दाढी कशी स्वच्छ दिसते हे भाषण पुन्हा एकदा, यावेळी विनवणीच्या स्वरात, दिलं. त्याने बल्ब काढून दिला. "पंधरा दिवस. सोळाव्या दिवशी मी तुमच्या घरी येतो, वस्तरा घेऊन."

मग हॉटेलवाला. त्याच्यासमोर उभं राहायला मला लाज वाटत होती. मी अर्धंच बोललो असेन, तोवर त्याने काचेच्या पेटीत हात घालून साठचा बल्ब पिरगळून काढला. गरम होता म्हणून फडक्यात गुंडाळून दिला.

"न्या. पिल्लं मेली तं पुढच्या साली अंडी कोन देईन? आलूबोंडे आज थंडे खातीन लोक." मग गल्ल्यावरून ओरडला, "वेळेवर तळतो जी आता मी!"

दोनशे पंच्याण्णव झाले. घरी येऊन मी पायरीवर बसलो आणि बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकलं, आत गेली, तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि शंभरचा एक बल्ब काढून माझ्यासमोर धरला.

"हा कुठला?"

"आपलाच. स्वयंपाकखोलीतला."

"तो तर मी फोडला होता!"

"तुमी फोडला तो देवळातल्या पुजाऱ्याचा. त्यायच्याकडून मागून आनला आन आपला म्हून तुमाले देला मी." तिने बल्बवरचं तांदळाचं पीठ पदराने पुसलं. "तुमच्या त्या पांढऱ्यात भाजीचा रंग मेल्यावानी दिसते. पाहुणे यायच्या दिवशी मी हा लावतो आन ते गेले की काढतो."

दोन महिने माझ्या घरात, माझ्या मीटरवर, माझ्या वहीच्या नाकाखाली हे चाललं होतं. दुसरी वेळ असती तर मी वही काढून ते दिवस शोधले असते. बल्ब घेतला आणि निघालो.

गोठ्यात पोचलो तेव्हा ऊन कौलांवर गेलं होतं. बाईंना म्हणालो, "तीनशे पंच्याण्णव झाले. पाच वॅट कमी आहेत."

"या, आत या," त्या म्हणाल्या. "पाच वॅटचं आमी पाहून घेऊ."

सहाला वीज गेली. अडीच तास काढायचे होते. बायकांनी तट्ट्यावर पोती टाकली, मडक्यांत गरम पाणी भरून आत ठेवलं आणि झाकणाच्या घमेल्यात विस्तव ठेवून ते दाराशी, धूर बाहेर जाईल असं मांडलं. अकराही जणी गोल बसल्या. मी घरचा तापाचा थर्मामीटर घेऊन गेलो होतो. तो कोंड्यावर ठेवला तर पाराच वर चढेना, कारण तो ताप आलेल्या माणसासाठी असतो. एकीने तो माझ्या हातून घेतला आणि बाजूला ठेवला. म्हणाली, "भाऊ, पाहाचं असन तं पिल्लाकडे पाहा. गोळा झाली की थंडी. दूर पळाली की गरमी. पसरली की बरोबर." हे त्यांना ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. आदल्या रात्रीही त्यांना पिल्लं गोळा झालेली दिसत होती. पण पोस्टवाल्या भाऊंनी आकडा लिहून दिला होता, म्हणून त्यांनी आपल्या डोळ्यांपेक्षा माझ्या कागदावर विश्वास ठेवला. त्यांनी हे मला टोमणा म्हणून सांगितलं नाही. नुसतं सांगितलं.

त्या अडीच तासांत आणखी तीन गेली.

साडेआठला वीज आली. तीन पिवळे आणि नऊ लाल, सगळे एकदम लागले. गोठा एखाद्या गरीब लग्नाच्या मंडपासारखा दिसायला लागला. व्होल्टेज कमी होतं. पिवळे बल्ब आधी बिडीच्या टोकासारखे नुसते लाल झाले. मग हळूहळू वाढलं. बाईंनी बल्बांखाली हात धरला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि माळ चार बोटं खाली ओढून बांधली. पिल्लं तट्ट्यालगत एका ढिगात होती. ढिगाच्या कडेचं एक सुटलं, मग दोन. पाव तासात ती कोंड्यावर चोहीकडे पसरली आणि कण्या टिपायला लागली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक जण म्हणाली, "चला, आता माह्या घरचे उपाशी असतीन," आणि सगळ्या उठल्या.

मी बाईंना तेवीस पिल्लांचे पैसे देतो म्हणालो. खरं तर सव्वीसचे.

"पैसे नको. बाजारात सांगा."

मी सांगितलं. पुढच्या बाजारी टी-शर्ट न घालता फळीजवळ उभा राहिलो आणि सांगितलं की हा बल्ब उजेडासाठी घ्या, उबेसाठी घेऊ नका, आणि हे मी आधी सांगितलं नव्हतं त्यामुळे सव्वीस पिल्लं मेली. मिरचीवाला म्हातारा म्हणाला, "मंग कोंबडीले स्वेटर विनाव का?" बाई भाजी घ्यायला आल्या होत्या, त्या वळून म्हणाल्या, "तुले विनता येत असन तं विन ना, बाबा." नागपूरच्या साहेबांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले की असं बोलल्याने ग्राहकांच्या मनात शंका निर्माण होते. मी म्हणालो, होते. त्या बाजारी चौदा बल्ब खपले, आधीच्या बाजारापेक्षा दोन जास्त. याचं कारण मला आजही ठरवता आलेलं नाही.

पंधरा दिवस मी सकाळी पोस्टात जायच्या आधी आणि संध्याकाळी वीज यायच्या वेळी गोठ्यात जायचो. वही नेत नव्हतो. मधूनमधून एखादं पिल्लू जायचं, त्याचीही नोंद मी केली नाही. सोळाव्या दिवशी न्हावी सकाळीच दारात आला, म्हणून मी त्याला घेऊनच गोठ्यात गेलो. पिल्लांना पंखांची पिसं फुटली होती. ती आता बल्बाखाली थांबतच नव्हती. बाईंनी माळ सोडली, न्हाव्याचा बल्ब त्याच्या हातात दिला आणि मला म्हणाल्या, "भाऊ, मोजून द्या. गटाच्या रजिस्टरात लिहाचं आहे."

मी वाकून मोजायला लागलो. एकशे सत्तर आली. दुसऱ्यांदा एकशे चौऱ्याहत्तर. पिल्लं तट्ट्यात इकडून तिकडे पळत होती, एक माझ्या चपलेवर चढून बसलं होतं. न्हावी म्हणाला, "पोस्टवाल्याले येत नाई मोजता." मग बाईंनी तट्ट्याच्या मध्ये फळी आडवी लावली आणि मला आत उतरवलं. एकेक पिल्लू उचलायचं, पलीकडे सोडायचं आणि मोठ्याने आकडा म्हणायचा. त्या रजिस्टर उघडून बसल्या. अकरापैकी आठ-नऊ जणी तट्ट्याभोवती उभ्या राहून माझ्यासोबत म्हणत होत्या, हे चाळे म्हणणाऱ्या घरांतला एक नवरा आणि एक सासूही मागे उभी होती. शंभरानंतर माझी कंबर धरली. एकशे साठाला माझ्या खिशातलं पेन एकाने चोच मारून खाली पाडलं. एकशे एकाहत्तराव्याला मी पलीकडे सोडलं आणि मागे वळून पाहिलं. अलीकडे कोंड्याशिवाय काही नव्हतं.

"एकशे एकाहत्तर," मी म्हणालो.

बाईंनी लिहिलं. मागे उभ्या असलेल्या सासूने विचारलं, "पुढचे कधी आनता?"